माजी सैनिकांच्या दवाखान्याचे पैसे कुणी द्यायचे? ईसीएचएसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. त्यांची कागदपत्रं करता करता मी गावातल्या इतरांचीही करू लागले. आता आठवड्यातून दोन-तीन जण तरी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि पिशवीभर बिलं घेऊन दारात येतात. अर्जाच्या शंका पाच मिनिटांत मिटतात. पैशाच्या मिटत नाहीत, कारण त्यांची उत्तरं पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर नसतात, दिल्लीच्या अर्थसंकल्पात असतात. म्हणून माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेबद्दलची ती उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

ईसीएचएस यायच्या आधी माजी सैनिक कुठे जात होते?

मिलिटरी हॉस्पिटलात, तेही जागा असेल तर. तिथे पहिला हक्क सेवेतल्या जवानाचा, मग त्याच्या कुटुंबाचा. पेन्शनरचा नंबर शेवटी. आणि ही रुग्णालयं छावण्यांच्या गावी. पुण्याला कमांड हॉस्पिटल, कुलाब्याला अश्विनी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत जातो; पण तिथल्या सत्तरीतल्या आजोबांच्या छातीत कळ आली, तर फौजेचं मोठं रुग्णालय शंभर किलोमीटरवर.

३० डिसेंबर २००२ रोजी केंद्र सरकारने माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना मंजूर केली आणि १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. तीच ईसीएचएस. गावाजवळ पॉलिक्लिनिक, तिथे तपासणी आणि औषधं. त्यापुढचं काही लागलं तर रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) घेऊन पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, खासगी रुग्णालयात जायचं आणि बिल सरकारने भरायचं. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिक होती, २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. आज सभासद आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं मिळून ६० लाखांहून जास्त लोक या योजनेत आहेत.

आयुष्य फौजेत घातलं, मग उपचारासाठी वर्गणी का भरायची?

हा सगळ्यात जुना वाद आहे आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला.

माजी सैनिकांच्या संघटनांच्या महासंघाने १९९९ मध्ये याचिका केली होती. म्हणणं साधं होतं : सेवेत असताना उपचार मोफत, मग निवृत्तीनंतर, जेव्हा खरी दुखणी सुरू होतात, तेव्हा ते का थांबावेत? केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांना निवृत्तीनंतरही सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, आम्हाला काय? खटला चालू असतानाच ईसीएचएस आली आणि प्रश्न वर्गणीवर येऊन ठेपला. ऑगस्ट २००६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. आरोग्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे, पण संपूर्ण मोफत उपचार हा माजी सैनिकाचा मूलभूत हक्क आहे असं म्हणता येणार नाही. योजनेसाठी वर्गणी घेणं बेकायदा नाही. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना मात्र वर्गणीतून सूट मिळाली.

कायद्याच्या नजरेतून निकाल समजतो. पण त्याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ईसीएचएस हा संसदेचा कायदा नाही. ती सरकारी आदेशाने चालणारी योजना आहे. आदेश बदलला की नियम बदलतो, तरतूद आटली की सेवा आटते, आणि हक्क म्हणून दाद मागायला फारशी जागा उरत नाही. माझ्या मते राजकीय भांडणाचं मूळ इथे आहे, वर्गणीच्या रकमेत नाही.

वर्गणी किती असते?

डिसेंबर २०१७ च्या दरांप्रमाणे एकदाच भरायची. शिपाई ते हवालदार ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकारी १,२०,०००. युद्धात पती गमावलेल्या वीरनारींना माफ. १ एप्रिल २००३ नंतर पेन्शनीवर आलेल्यांना सभासदत्व सक्तीचं आहे, रक्कम निवृत्तीच्या वेळीच कापली जाते. त्यामुळे "आम्ही कधी भरली?" असं विचारणाऱ्यांनी आपले जुने कागद पाहावेत. बहुतेकांनी भरलेली असते.

कार्ड आहे, रेफरल आहे. तरी रुग्णालय "ईसीएचएस बंद आहे" असं का सांगतं?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो हा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही पॅनेलवरच्या रुग्णालयात दाखल होता. तुमच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. रुग्णालय बिल ऑनलाइन चढवतं, ते तपासलं जातं, प्रादेशिक केंद्राकडून मंजूर होतं आणि मग पैसे सुटतात. पैसे सुटायला खात्यात पैसे लागतात. वर्ष संपायच्या आधी तरतूद संपली तर मंजूर बिलंसुद्धा पडून राहतात. पुढच्या एप्रिलमध्ये नवी तरतूद येते, तिच्यातला पहिला घास मागच्या वर्षीची उधारी खाते, आणि नवं वर्ष सुरू होतानाच तूट पडलेली असते. मोठी रुग्णालयं काही महिने कळ काढतात. तालुक्याच्या गावातलं तीस-चाळीस खाटांचं रुग्णालय नाही काढू शकत. त्याला दर महिन्याला नर्सचा पगार आणि औषधवाल्याचं बिल द्यायचं असतं. मग काउंटरवरची मुलगी सांगते, "काका, सध्या ईसीएचएस बंद आहे."

आकडे पाहा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ईसीएचएसला सुमारे ५,४३१ कोटी रुपये दिले होते. वर्ष सरता सरता ती तरतूद जवळपास ७० टक्क्यांनी वाढवावी लागली, म्हणजे ती ९ हजार कोटींच्या पलीकडे गेली. पुढच्या वर्षी, २०२४-२५ साठी, ६,९६८ कोटी धरले गेले आणि सरकारने सांगितलं की ही २८ टक्के वाढ आहे. मूळ तरतुदीशी ताडून पाहिलं तर ती वाढ होतीच. पण आदल्या वर्षी प्रत्यक्ष जेवढे लागले त्यापेक्षा ती रक्कम दोन हजार कोटींनी कमी होती. २०२५-२६ चे ८,३१७ कोटीही २०२३-२४ च्या सुधारित आकड्याखालीच राहिले. आता २०२६-२७ साठी १२,१०० कोटी आले आहेत, म्हणजे ४५ टक्क्यांहून जास्त वाढ. ही मोठी गोष्ट आहे आणि ज्यांनी ती केली त्यांना श्रेय द्यायलाच हवं. मात्र त्यातले किती जुन्या थकबाकीत जाणार आणि किती यंदाच्या रुग्णांना मिळणार, हे वर्षभर विचारत राहावं लागेल.

फेब्रुवारीत कमी आकडा धरला म्हणून म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखायचा थांबत नाही. तेवढ्या काळाची उधारी रुग्णालयाच्या वहीत चढते, आणि तिचा चटका बसतो तो काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसाला. माझ्या वडिलांना एका रुग्णालयाने अँजिओग्राफीच्या आधी अनामत मागितली होती. रेफरल हातात असताना. आम्ही ती रात्रीतून गोळा करून भरली. वडील भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, "त्यांचेपण पैसे अडकले असतील." मला आजही त्याचा त्रास होतो, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि तरीही ते पैसे त्यांनी भरायला नको होते.

म्हणजे रुग्णालयांचा काहीच दोष नाही?

आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेची खास तपासणी करून अहवाल दिला. पॉलिक्लिनिकमधला औषधांचा तुटवडा आणि बिलांना होणारा उशीर त्यात होताच, पण रुग्णालयांना जादा गेलेल्या रकमांवरही त्यात बोट ठेवलं होतं. गरज नसताना दाखल करून घेणं, तपासण्या वाढवणं, वरचे पैसे रुग्णाकडून उकळणं हे प्रकार होतात आणि ते आपल्याच योजनेचे पैसे खातात.

दुसरी बाजूही खरी आहे. ईसीएचएस सीजीएचएसच्या दरांनी पैसे देते, आणि ते दर २०१४ नंतर मोठ्या प्रमाणावर बदलले ते थेट ऑक्टोबर २०२५ मध्ये. अकरा वर्षांत शस्त्रक्रियेचं सामान, भूलतज्ज्ञाची फी, वीज, सगळं कुठल्या कुठे गेलं. जुन्या दराने काम करायचं आणि तेही पैसे वेळेवर मिळायचे नाहीत, तर चांगली रुग्णालयं पॅनेल सोडतात. मागे कोण उरतं हे वेगळं सांगायला नको. नवे दर आले, आता बिलं वेळेवर सुटली तर रुग्णालयांना जाब विचारायची नैतिक ताकदही सरकारकडे येईल.

वन रँक वन पेन्शन मिळालं ना? मग अजून काय हवं?

ही वाक्यं टीव्हीवरच्या चर्चेतून गावात येतात. वन रँक वन पेन्शन (ओआरओपी), म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखं पेन्शन, यासाठी २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचना निघाली. लढा योग्य होता. पण पेन्शन हा घर चालवण्याचा पैसा आहे. डायलिसिस, कर्करोग, बायपास यांच्यापुढे हवालदाराचं पेन्शन किती दिवस टिकणार? शिवाय फौजेतला माणूस ३५-४० व्या वर्षी बाहेर पडतो. तिशी-चाळिशीत सुटलेल्या माणसाच्या आरोग्याची जबाबदारी पुढची चाळीस वर्षं असते, आणि सियाचीन, राजस्थान, ईशान्येकडची जंगलं त्याच्या सांध्यांतून आणि फुप्फुसांतून उशिरा बोलू लागतात.

पेन्शनवरच एवढा खर्च होतो, मग शस्त्रं कधी घ्यायची?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक आहेत, म्हणून उत्तरही नीट देते. २०२६-२७ चा संरक्षण अर्थसंकल्प सुमारे ७.८५ लाख कोटींचा आहे. त्यात पेन्शन सुमारे १.७१ लाख कोटी. हा बोजा खरा आहे. ईसीएचएसचे १२,१०० कोटी म्हणजे एकूण संरक्षण खर्चाचा दीड टक्का. लाभार्थ्यांच्या संख्येने भागलं तर माणशी वर्षाला २० हजारांच्या आतबाहेर. आधीच्या वर्षी हाच हिशेब १३-१४ हजारांचा होता. वयस्कर लोकांच्या एवढ्या मोठ्या समूहासाठी हा खर्च उधळपट्टीचा नाही. रणगाड्यांचे पैसे ईसीएचएस खाते असं म्हणणाऱ्याने हे भागाकार एकदा स्वतः करावेत.

यात पक्ष कुठे उभे आहेत?

योजना वाजपेयी सरकारच्या काळात सुरू झाली, पॉलिक्लिनिकांची मोठी वाढ मनमोहन सिंग सरकारच्या काळात मंजूर झाली, तरतुदीतल्या अलीकडच्या मोठ्या वाढी मोदी सरकारच्या काळातल्या. थकबाकी आणि रुग्णालयांचे नकार मात्र एका पक्षाच्या कारकिर्दीपुरते मर्यादित नाहीत. विरोधात असताना प्रत्येक जण ईसीएचएसच्या थकबाकीवर बोलतो. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीत सगळ्या पक्षांचे खासदार बसतात आणि ती समिती या योजनेला पुरेसा निधी द्या असं पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. सैनिकांचा आदर करायला कुणाचाच विरोध नाही. अडतं ते वर्षाच्या सुरुवातीला खरा आकडा लिहिण्यापाशी.

अग्निवीरांना ईसीएचएस मिळणार का?

आजच्या नियमांनुसार, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला नाही.

जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली; तिच्यातून भरती होणारे ते अग्निवीर. चार वर्षं सेवा, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करणार, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ईसीएचएसही नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी मिळतात. सरकारचं म्हणणं असं की सैन्य तरुण राहायला हवं. विरोधकांनी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही योजनाच रद्द करण्याचं आश्वासन दिलं होतं आणि जुलै २०२४ मध्ये लोकसभेत त्यावरून जोरदार खडाजंगी झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये सेवेत असताना मरण पावला, तेव्हा भरपाईच्या रकमेवरून राजकारण पेटलं. त्या दिवसांत आपल्याकडे प्रत्येक घरात हाच विषय होता.

माझी चिंता जिवंत परतणाऱ्या मुलांची आहे. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस बाहेर पडू लागेल. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या कानाला, पाठीला, गुडघ्याला जे झालंय ते चाळिशीत कळणार. त्या वेळी ते सेवेमुळे झालं हे कुणी मान्य करायचं आणि उपचार कुठल्या खात्यातून करायचे? एकरकमी पैशात हे उत्तर नाही. किमान सेवेतल्या दुखापतीशी जोडलेल्या आजारांसाठी तरी या मुलांना पॉलिक्लिनिकचं दार उघडं हवं, असं मला ठामपणे वाटतं.

प्रशिक्षणातच जखमी होऊन बाहेर पडलेल्यांचं काय?

इथे एक दार खरंच उघडलं आहे. खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) किंवा इतर अकादमीत गंभीर जखमी होऊन घरी पाठवलेल्या अधिकारी कॅडेटांना माजी सैनिकाचा दर्जा नसल्याने ईसीएचएस मिळत नव्हती. वीस-बावीसच्या वयात अंथरुणाला खिळलेला मुलगा आणि सगळा खर्च आईवडिलांवर. वर्तमानपत्रांनी हे मांडलं, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात केंद्राने या कॅडेटांना वर्गणी न घेता ईसीएचएस लागू केली. इतकी वर्षं जे नियमात बसत नव्हतं ते काही दिवसांत बसलं. अग्निवीरांच्या बाबतीत "नियमात नाही" हे उत्तर ऐकताना मला हे आठवतं.

दुसऱ्या देशांत असे वाद होतात का?

होतात. अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानमध्ये उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरामुळे आजारी पडलेल्या सैनिकांसाठी पॅक्ट कायदा येत होता. जुलै २०२२ मध्ये सिनेटमध्ये तो अडला. उपचार द्यावेत यावर भांडण नव्हतं. सुमारे ४०० अब्ज डॉलर बंधनकारक खर्चात धरायचे की दरवर्षी मंजुरी लागणाऱ्या खर्चात, यावर होतं. माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर रात्री काढत बसले. २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११ मतांनी कायदा मंजूर झाला. पैसा कुठल्या कप्प्यात ठेवायचा हा कारकुनी प्रश्न वाटतो, पण दरवर्षी हात पसरावा लागणार की नाही हे त्यावरच ठरतं. आपल्याकडे ही चर्चा अजून सुरूच झालेली नाही.

घरात कुणाकुणाला उपचार मिळतात?

पती किंवा पत्नी. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. दिव्यांग अपत्याला कायम. अवलंबून असलेले आईवडील, त्यांचं उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असेल तर. कार्डावर आईचं नाव घालायचं राहून गेलेली घरं मी खूप पाहिली आहेत. आजच पाहून घ्या.

इमर्जन्सीत पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात जावं लागलं तर?

जा. जीव आधी. फक्त ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. आधी पैसे भरावे लागतील. नंतर परतावा ठरलेल्या दरानेच मिळतो, त्यामुळे पूर्ण रक्कम परत येईलच असं धरू नका. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, इमर्जन्सी असल्याचं डॉक्टरांचं पत्र, या तिन्हींशिवाय फाईल पुढे सरकत नाही.

पॅनेलवरच्या रुग्णालयाने पैसे मागितले किंवा नाही म्हटलं तर?

भांडू नका, लेखी मागा. लेखी देत नसतील तर तारीख, वेळ आणि काउंटरवरच्या माणसाचं नाव तिथेच वहीत लिहा. पैसे भरलेच तर पावती सोडू नका. पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना (प्रमुख अधिकाऱ्यांना) त्याच दिवशी कळवा. तिथे दाद लागली नाही तर प्रादेशिक केंद्राकडे. महाराष्ट्रात ती पुणे, मुंबई आणि नागपूरला आहेत. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही नोंद करा, कारण तिथली तक्रार आकड्यात मोजली जाते. तोंडी नकार कुठेच मोजला जात नाही, आणि मग दिल्लीत बसलेल्याला वाटतं सगळं सुरळीत चाललंय.

मत मागायला येतात त्यांना काय विचारू?

सत्काराच्या शालीपेक्षा चार माहित्या मागा. आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयांची ईसीएचएसकडची थकबाकी ३१ मार्चला किती होती? गेल्या वर्षभरात किती रुग्णालयांनी पॅनेल सोडलं? पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि अग्निवीरांच्या उपचारांबद्दल तुमच्या पक्षाची भूमिका लेखी काय आहे? खासदार हे संसदेत तारांकित किंवा अतारांकित प्रश्न म्हणून विचारू शकतात, आणि मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं.

पत्र मराठीत, हाताने लिहिलं तरी चालतं. दहा-बारा जणांनी मिळून एकाच पत्रावर सह्या करा, प्रत्येकाचा पीपीओ क्रमांक वेगळ्या कागदावर द्या, आणि नकाराची नोंद केलेल्या वहीच्या पानांची झेरॉक्स सोबत जोडा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.